लॉ फर्ममधली ट्रेनी सॉलिसिटरची दोन वर्षे प्रत्यक्षात कशी असतात

प्रश्न थोडक्यात असा आहे: भारतात कायद्याची पदवी घेतलेल्या विद्यार्थ्याला इंग्लंडमधल्या लॉ फर्ममध्ये ट्रेनी सॉलिसिटर म्हणून जागा मिळाली, तर ती दोन वर्षे प्रत्यक्षात कशी जातात? तिथे खरोखर वकिली शिकायला मिळते, की कागद लावणे, प्रती काढणे आणि रात्री उशिरापर्यंत बसून राहणे एवढेच वाट्याला येते, ही कानावर येणारी तक्रार खरी मानायची का? मी लंडनमध्ये सॉलिसिटर म्हणून काम करते आणि माझ्या हाताखाली ट्रेनी असतात, त्यामुळे या प्रश्नाची दोन्ही अंगे मला परिचयाची आहेत. तक्रारीतला तपशील खरा आहे. कागद भरपूर लावावे लागतात. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र मला मान्य नाही. कायद्याचे एखादे गहन तत्त्व न कळल्यामुळे फर्म अडचणीत आल्याचे क्वचितच ऐकू येते. एखादी तारीख हुकते, जुन्या मसुद्यावर सही होते किंवा कोणी कोणाला काय सल्ला दिला याची नोंद सापडत नाही, तेव्हा ती अडचणीत येते. आणि नेमकी हीच कामे ट्रेनीकडे असतात.

आपल्याकडे विलायतेतली वकिली म्हटले की बॅरिस्टर डोळ्यांसमोर येतो. डॉ. आंबेडकर ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले, गांधीजी इनर टेंपलमधून. पण त्या घडणीचा लॉ फर्मशी संबंध नाही. बॅरिस्टर मुख्यतः न्यायालयात युक्तिवाद करतो आणि बहुधा स्वतंत्रपणे व्यवसाय करतो. सॉलिसिटर अशिलाशी थेट बांधलेला असतो: तो सल्ला देतो, करार लिहितो, वाटाघाटी करतो, दावा दाखल करून शेवटपर्यंत सांभाळतो, अशिलाचे पैसे स्वतंत्र खात्यात ठेवतो आणि गरज पडेल तेव्हा बॅरिस्टर नेमतो. मुंबई हायकोर्टाच्या मूळ शाखेतली जुन्या सॉलिसिटर फर्मची पद्धत ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हा फरक वेगळा समजावून सांगावा लागत नाही. सॉलिसिटर होण्याचा मार्गही पूर्वीपासून उमेदवारीचाच राहिला आहे. १७२९ च्या कायद्याने तिथे पाच वर्षांची उमेदवारी सक्तीची केली, आणि उमेदवाराला ‘आर्टिकल्ड क्लार्क’ म्हणत ते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातही चालू होते. आज नाव बदलले आहे, कालावधी दोन वर्षांवर आला आहे. कामाचा पिंड मात्र तोच आहे.

सध्याचे नियम आधी सांगून टाकते, कारण त्यांच्याबद्दल बराच गोंधळ दिसतो. १ सप्टेंबर २०२१ पासून सॉलिसिटर्स रेग्युलेशन ऑथॉरिटी या सॉलिसिटरांच्या नियामक संस्थेने एसक्यूई (सॉलिसिटर्स क्वालिफाइंग एक्झामिनेशन) ही परीक्षा लागू केली. तिच्या पहिल्या टप्प्यात प्रत्येकी १८० बहुपर्यायी प्रश्नांचे दोन पेपर असतात. दुसऱ्या टप्प्यात अशिलाची मुलाखत, युक्तिवाद, मसुदालेखन, संशोधन अशी १६ प्रात्यक्षिके असतात, त्यांतली चार तोंडी आणि बारा लेखी. प्रत्येक टप्प्याला सहा वर्षांच्या मुदतीत तीनच संधी मिळतात. दोन्ही टप्प्यांचे नुसते शुल्कच ४,५०० पौंडांच्या पुढे जाते. शिकवणीचा खर्च निराळा. याखेरीज पदवी किंवा तिच्या तोडीची पात्रता, चारित्र्याची पडताळणी आणि दोन वर्षांचा पात्र कार्यानुभव लागतो. हा अनुभव चारपर्यंत वेगवेगळ्या संस्थांमध्ये मिळून पूर्ण करता येतो, आणि तो इंग्लंडमध्येच घेतला पाहिजे असेही नाही. इंग्लंडची पात्रता असलेल्या आणि तुमचे काम प्रत्यक्ष पाहिलेल्या सॉलिसिटरने त्याची खातरी दिली तर परदेशातले कामही धरले जाते. जे भारतात आधीच सनद घेतलेले वकील आहेत, त्यांना या दोन वर्षांची अट लागू होत नाही. जुना एलपीसीचा (लीगल प्रॅक्टिस कोर्स या अभ्यासक्रमाचा) मार्ग ज्यांनी आधीच धरला होता, त्यांच्यासाठी तो २०३२ अखेरपर्यंत खुला आहे. नव्याने येणाऱ्याने त्याचा विचार करण्याचे कारण नाही.

म्हणजे नियमाने पाहता ‘ट्रेनिंग काँट्रॅक्ट’, अर्थात एकाच फर्मशी केलेला दोन वर्षांच्या प्रशिक्षणाचा करार, ही आता सक्तीची गोष्ट उरलेली नाही. तरीही बहुतेक मोठ्या आणि मध्यम फर्म दोन वर्षांचा तोच करार देतात, आणि उमेदवारही त्याच्याच मागे असतात, कारण त्यात वेतन, वेगवेगळ्या विभागांतली ठरलेली फिरती आणि शेवटी नोकरीची शक्यता हे तिन्ही एकत्र मिळते. मोठ्या फर्म दोन-दोन वर्षे आधी निवड करतात; सुट्टीतल्या काही आठवड्यांच्या उमेदवारीतून, म्हणजे ‘व्हेकेशन स्कीम’मधून, त्यांतल्या बऱ्याच जागा भरल्या जातात. भारतातून अर्ज करणाऱ्याने हे वेळापत्रक आधी पाहावे. पदवी हातात आल्यावर चौकशी सुरू केली तर गाडी निघून गेलेली असते. व्हिसासाठी फर्म प्रायोजक असावी लागते. जुलै २०२५ पासून कुशल कामगार व्हिसासाठी सर्वसाधारण वेतनमर्यादा वर्षाला ४१,७०० पौंड झाली आहे, आणि नवख्या उमेदवारांना त्यात काही सवलत असली तरी छोट्या फर्मचे वेतन तिथवर पोहोचत नाही, ही अडचण प्रत्यक्षात बऱ्याच जणांना येते.

आता प्रत्यक्ष काम. दोन वर्षांचे सहसा सहा-सहा महिन्यांचे चार भाग पाडतात आणि प्रत्येक भागाला ‘सीट’ म्हणतात. एक सीट कंपनी व्यवहारांची, एक दाव्यांची, एक स्थावर मालमत्तेची आणि एक कर, रोजगार, बँकिंग किंवा अशाच एखाद्या विभागाची, अशी साधारण वाटणी होते. काही फर्म एखाद्या सीटसाठी ट्रेनीला अशील कंपनीच्या कायदा विभागात किंवा परदेशातल्या शाखेत पाठवतात. हव्या त्या सीटसाठी ट्रेनींमध्ये चुरस असते, आणि ती उघडपणे बोलली जात नसली तरी प्रत्येकाला माहीत असते.

या फिरतीचा एक परिणाम बाहेरून दिसत नाही. दर सहा महिन्यांनी माणूस पुन्हा शून्यावर येतो. पाचव्या महिन्यात जेमतेम विभागाची भाषा कळू लागलेली असते, कोणता असोसिएट, म्हणजे पार्टनरच्या हाताखालचा पात्र वकील, कोणत्या पद्धतीने मसुदा तपासतो हे अंगवळणी पडलेले असते, आणि सहाव्या महिन्याच्या शेवटी टेबल रिकामे करून दुसऱ्या मजल्यावर जायचे असते, जिथे संक्षेपही वेगळे आणि माणसेही वेगळी. वर्गात कायम वरचा नंबर काढलेल्या मुलांना हे फार जड जाते. त्यांना आपण कमी पडत आहोत असे वाटते, आणि ते लपवण्यासाठी ती विचारणे टाळतात. सुपरव्हायझरच्या खुर्चीतून पाहिले तर पहिल्या सहा आठवड्यांत ट्रेनीला काही येत नाही हे गृहीतच धरलेले असते. पाहिले जाते ते इतकेच की तो विचारतो केव्हा, आणि विचारण्याआधी स्वतः कुठवर शोधून येतो.

स्थावर मालमत्तेच्या सीटपासून सुरुवात करते, कारण तारखांचे महत्त्व तिथे सर्वांत उघडे दिसते. खरेदीदाराला आणि त्याला कर्ज देणाऱ्या बँकेला जमिनीच्या नोंदीत मधेच कोणी दुसरा घुसू नये, म्हणून व्यवहार पूर्ण होण्यापूर्वी लँड रजिस्ट्रीकडे प्राधान्याचा शोध घेतला जातो. त्या शोधाने ३० कामकाजाच्या दिवसांचे संरक्षण मिळते, आणि नोंदणीचा अर्ज त्या मुदतीत पोहोचलाच पाहिजे. व्यवहार पूर्ण झाल्यावर मुद्रांक कराचे विवरण १४ दिवसांत भरावे लागते. मार्च २०१९ पूर्वी ही मुदत ३० दिवसांची होती. विवरणाची पोच मिळाल्याशिवाय नोंदणीचा अर्ज पुढे सरकत नाही. म्हणजे एका फाइलीत दोन घड्याळे एकमेकांत अडकलेली असतात, आणि ती दोन्ही ट्रेनीच्या डायरीत लिहिलेली असतात. कंपनीने कर्जासाठी दिलेल्या तारणाचे तसेच आहे. बोजा निर्माण झाल्यापासून २१ दिवसांत त्याचा तपशील कंपनीज हाउसकडे, म्हणजे कंपन्यांच्या सरकारी नोंदणी कचेरीकडे, दिला नाही, तर कंपनी बुडाल्यावर तो बोजा लिक्विडेटरविरुद्ध (तिची मालमत्ता विकून देणी भागवणाऱ्याविरुद्ध) आणि इतर देणेकऱ्यांविरुद्ध निरर्थक ठरतो. कर्जाचा करार पार्टनरने कितीही चातुर्याने लिहिलेला असो, हा एक अर्ज राहिला तर बँकेच्या हाती तारण म्हणून काहीच उरत नाही. हा अर्ज भरण्याचे काम फर्ममधल्या सर्वांत कनिष्ठ माणसाकडे असते, आणि ते त्याने केले की नाही हे पाहणारा दुसरा माणूसही नेमलेला असतो.

कंपनी विभागातला ‘कम्प्लीशन’चा, म्हणजे व्यवहार पूर्ण होण्याचा, दिवस ट्रेनीच्या आठवणीत सर्वांत जास्त राहतो. एखादी कंपनी विकली जाते तेव्हा मुख्य करार एक असतो, पण त्याच्याभोवती संचालकांचे ठराव, राजीनामे, शेअर हस्तांतरणाचे फॉर्म, कुलमुखत्यारपत्रे, बँकेची मुक्तिपत्रे असे अनेक दस्त लागतात, आणि त्यांपैकी प्रत्येकावर कोणाची सही, कोणत्या हुद्द्याने, साक्षीदार हवा की नको, हे एका लांबलचक तक्त्यात लिहिलेले असते. तो तक्ता ट्रेनीचा. सह्या करणारे तीन वेगवेगळ्या देशांत असतात, एक विमानात असतो. अशा वेळी सहीची पाने आधीच मागवून ठेवावीत आणि करार अंतिम झाल्यावर ती त्याला जोडावीत, असा मोह सर्वांनाच होतो. पूर्वी तसे सर्रास चालत असे. २००८ साली मर्क्युरी टॅक्स ग्रुपच्या प्रकरणात इंग्लंडच्या हायकोर्टाने आधीच्या मसुद्यावरची सहीची पाने काढून नंतरच्या, बदललेल्या दस्ताला जोडण्याच्या प्रकाराबद्दल गंभीर आक्षेप नोंदवले, आणि त्यानंतर व्यवसायाने आपली पद्धत बदलली. आता अंतिम दस्त पूर्ण स्वरूपात सही करणाऱ्याला ईमेलने पाठवायचा, त्याने सहीचे पान छापून सही करायची, आणि उत्तराच्या एकाच ईमेलमध्ये तो पूर्ण दस्त व सही केलेले पान दोन्ही जोडून परत करायचे.

हे वाचताना क्षुल्लक वाटेल. प्रत्यक्षात रात्री साडेअकराला एका उपकलमातला आकडा बदलतो, आवृत्ती क्रमांक चौदाची पंधरा होते, आणि ज्या संचालकाने चौदाव्या आवृत्तीवर उत्तर पाठवले आहे त्याला पुन्हा उठवायचे की हा बदल त्याच्या आधीच्या अधिकारपत्रात बसतो, हा निर्णय घ्यायचा असतो. निर्णय ट्रेनीचा नसतो. पण आवृत्ती बदलली आहे आणि एक सही जुन्या आवृत्तीवरची आहे, हे फक्त त्याच्या लक्षात येऊ शकते, कारण तक्ता त्याच्यासमोर आहे; बाकी सगळे त्या वेळी किमतीवर भांडत असतात. डीडच्या, म्हणजे साक्षीदारासमोर सही करायच्या औपचारिक दस्ताच्या, साक्षीदाराचेही असेच. साक्षीदाराने सही होताना तिथे प्रत्यक्ष हजर असावे लागते. व्हिडिओवरून पाहिलेले चालत नाही. सूचनांच्या ईमेलमध्ये ट्रेनीने हे स्पष्ट लिहिले नाही, तर सुशिक्षित, अनुभवी संचालकसुद्धा सही करून कागद शेजारच्या खोलीत पाठवून देतो.

दाव्यांच्या विभागात रूप बदलते, पण मर्म तेच. तिथे बंडल तयार करावे लागते: न्यायाधीशासमोर ठेवायची सर्व कागदपत्रे, कालक्रमाने, सलग पानांकासह, आणि इलेक्ट्रॉनिक प्रतीत बुकमार्कसह. यात शिकण्यासारखे काय, असे विचारणाऱ्या ट्रेनीला मी एकच काम देते: बंडल लावून झाल्यावर त्याने मला पंधरा मिनिटांत प्रकरण सांगावे. ज्याने कागद न वाचता लावले त्याला ते जमत नाही. ज्याने वाचून लावले त्याच्या हाती बहुधा एखादा असा ईमेल लागलेला असतो, जो आपल्या बाजूच्या साक्षीशी जुळत नाही आणि जो बॅरिस्टरला आजच दाखवला पाहिजे. डिस्क्लोजर, म्हणजे आपल्याला प्रतिकूल असलेली कागदपत्रेही समोरच्या पक्षाला दाखवण्याचे बंधन, हा इंग्लिश दाव्यांचा कणा आहे. हजारो ईमेलमधून कोणता संबद्ध, कोणता वकील-अशील विशेषाधिकाराखाली रोखून ठेवता येतो, याची पहिली चाळणी ट्रेनी आणि पॅरालीगल, म्हणजे वकिलांना मदत करणारे कर्मचारी, करतात. आता सॉफ्टवेअर बरीच छाननी करते. विशेषाधिकाराचा ईमेल चुकून समोर गेला तर तो परत मिळवताना होणारी नाचक्की मात्र सॉफ्टवेअरच्या वाट्याला येत नाही.

मुदतींबाबत न्यायालये किती कठोर होऊ शकतात, याचे उदाहरण २०१३ सालच्या मिचेल विरुद्ध न्यूज ग्रुप न्यूजपेपर्स या प्रकरणात आहे. खर्चाचा अंदाज सुनावणीच्या सात दिवस आधी दाखल करायचा होता. तो आदल्या दिवशी दाखल झाला. त्यावर फक्त न्यायालयीन शुल्कापुरताच खर्च धरला जाईल असा आदेश झाला आणि अपील न्यायालयाने तो कायम ठेवला. पुढच्याच वर्षी डेंटनच्या निवाड्याने ही कठोरता काहीशी सैल केली, तरी त्या प्रकरणानंतर दाव्यांच्या विभागांत मुदतीची तारीख एकट्याच्या डायरीत ठेवण्याची सवय मोडली. ट्रेनीला कायद्याच्या मुदती तोंडपाठ असून भागत नाही. करारभंगाची सहा वर्षे कोणत्या दिवसापासून मोजायची, इंग्लंडमध्येच बजावायचा दावा दाखल झाल्यावर चार महिन्यांच्या आत बजावताना नेमकी कोणती कृती त्या मुदतीत व्हावी लागते, हे त्याला कॅलेंडर समोर ठेवून सिद्ध करावे लागते.

संशोधनाच्या टिपणाबद्दल वेगळे लिहिते, कारण भारतातून आलेले ट्रेनी इथे बरेचदा अडखळतात, आणि तेही हुशार ट्रेनी. विद्यापीठात भरपूर निवाडे, भरपूर अवतरणे, दोन्ही बाजू आणि शेवटी सावध निष्कर्ष अशी रचना शाबासकी मिळवून देते. फर्ममध्ये पार्टनर पहिल्या तीन ओळी वाचतो. त्याला उत्तर हवे असते, त्या उत्तराची खात्री किती आहे हे हवे असते, आणि कोणत्या एका गृहीतकावर ते उभे आहे ते हवे असते. बाकीचे खाली असावे, पण खाली. आणि उद्धृत केलेला प्रत्येक निवाडा स्वतः उघडून वाचलेला असावा. जून २०२५ मध्ये हायकोर्टाने आयिंडे आणि अल-हारून या दोन प्रकरणांत एकत्रित निकाल देताना कृत्रिम बुद्धिमत्तेने रचलेल्या बनावट संदर्भांबद्दल कडक इशारा दिला. त्यांपैकी दुसऱ्या प्रकरणात ४५ संदर्भांपैकी १८ निवाडे अस्तित्वातच नव्हते. तिथे संशोधन अशिलाने स्वतः केले होते आणि सॉलिसिटरने ते न तपासता पुढे धाडले होते. यंत्राने काय केले याची चौकशी न्यायालय करत बसले नाही. सही करणाऱ्याने तपासले का, एवढेच विचारले गेले.

दिवसाची मोजदाद सहा-सहा मिनिटांत होते. एका तासाची दहा युनिटे, आणि प्रत्येक युनिट कोणत्या अशिलाच्या कोणत्या कामावर गेले याची नोंद रोज करावी लागते. न्यायालये खर्च ठरवताना वकिलांचे चार दर्जे धरतात; ट्रेनी सर्वांत खालच्या, ‘ड’ दर्जात येतो. २०२१ च्या मार्गदर्शक दरांत मध्य लंडनमधल्या बड्या व्यावसायिक कामांसाठी सर्वांत वरच्या दर्जाला तासाला ५१२ पौंड होते, तर ट्रेनीला १८६. नवा ट्रेनी हा १८६ चा आकडा पाहून हादरतो आणि आपल्याला चार तास लागलेले काम दोन तासांतच झाले असे लिहितो. तसे करू नये. लागलेला वेळ खरा लिहावा. अशिलाच्या बिलातून किती वगळायचा हे पार्टनर ठरवतो. वेळ लपवला तर काम देणाऱ्याला वाटते की हे काम दोन तासांचे आहे, आणि पुढच्या वेळी तो तेवढाच वेळ देतो.

नोंदीचा दुसरा प्रकार अधिक महत्त्वाचा. फोनवरच्या संभाषणाचे आणि बैठकीचे टिपण, ज्याला इथे ‘अटेंडन्स नोट’ म्हणतात, ते लिहिण्याची जबाबदारी ट्रेनीची असते. कोण हजर होते, काय सल्ला दिला, अशिलाने तो ऐकून काय सूचना दिल्या, कोणता धोका त्याला समजावून सांगितला आणि तरीही त्याने तो पत्करला, हे त्यात आले पाहिजे. चार वर्षांनी अशील म्हणतो, ‘मला हे कोणी सांगितलेच नव्हते’. तेव्हा फर्मच्या बाजूने उभे राहते ते हे टिपण, आणि ते त्याच दिवशी लिहिलेले असेल तरच. ही टिपणे लिहिता लिहिताच ट्रेनी सल्ला देण्याची कला शिकतो. अनुभवी वकील ‘नाही’ हा शब्द न वापरता अशिलाला एखाद्या गोष्टीपासून कसा मागे फिरवतो, कुठे थांबतो, कुठे मुद्दाम प्रश्न विचारून अशिलालाच बोलते करतो, हे कोणत्याही पुस्तकात नसते. म्हणूनच ट्रेनी पूर्वी सुपरव्हायझरच्या खोलीतच बसत असे. घरून काम करण्याच्या दिवसांत हे कानावर पडणारे शिक्षण आटले आहे, आणि ज्या फर्ममध्ये सुपरव्हायझर आठवड्यातून एकदाच दिसतो तिथले प्रशिक्षण मला अपुरे वाटते, वेतन कितीही असो.

काही गोष्टी ट्रेनीने करायच्याच नसतात. त्यांत पहिली म्हणजे अंडरटेकिंग देणे. सॉलिसिटरने व्यवसायाच्या नात्याने दिलेले वचन, उदाहरणार्थ ‘विक्रीच्या रकमेतून तुमचे गहाण फेडून मुक्तिपत्र पाठवू’, हे फर्मवर बंधनकारक असते. न्यायालय ते अमलात आणायला लावते आणि नियामक त्याच्या भंगाबद्दल कारवाई करतो. त्यासाठी तो शब्द वापरलेलाच असावा लागतो असे नाही. समोरच्या वकिलाने घाईत फोनवर विचारावे, ‘एवढे आज संध्याकाळपर्यंत पाठवाल ना?’ आणि ट्रेनीने सौजन्याने ‘हो, नक्की’ म्हणावे, एवढ्यावरही वाद उभा राहू शकतो. म्हणून पहिल्याच आठवड्यात त्याला उत्तर शिकवले जाते: विचारून कळवतो. आपल्याकडच्या शिष्टाचारात वाढलेल्या मुलांना असे कोरडे बोलणे उद्धटपणाचे वाटते. सवय होते.

चूक झाली तर काय, हा प्रश्न विचारला गेलेला नसला तरी उत्तर देणे भाग आहे. ट्रेनीच्या हातून चुका होतात, आणि व्यवस्था त्या धरूनच उभी आहे. विमाही त्यासाठीच असतो. व्यवसायातून बाहेर पडण्याची वेळ येते ती चूक लपवल्यामुळे. २०१८ मध्ये हायकोर्टाने काही प्रकरणे एकत्र ऐकली. त्यांतल्या एकात प्रचंड दबावाखाली काम करणाऱ्या एका कनिष्ठ सॉलिसिटरने काम वेळेत झाल्याचे भासवण्यासाठी मागील तारखांची पत्रे तयार केली होती. शिस्तपालन न्यायाधिकरणाने तिची परिस्थिती पाहून निलंबन स्थगित ठेवले होते. हायकोर्टाने ते बाजूला सारून तिचे नाव सॉलिसिटरांच्या पटावरून काढले. मानसिक ताण आणि कार्यालयातले विषारी वातावरण दया वाटण्यासारखे असले, तरी अप्रामाणिकपणाला ते सूट देत नाही, असा त्याचा आशय. माझ्या मते त्या निकालात कनिष्ठांवर दबाव आणणाऱ्या वरिष्ठांना जरा स्वस्तात सोडले गेले. पण तो कायदा आहे, आणि ट्रेनीने तो पहिल्या दिवसापासून जाणून असावे: तारीख हुकली हे कळताच, त्याच तासात, सुपरव्हायझरला सांगायचे. पहिल्या तासात सांगितलेल्या चुकांपैकी बऱ्याच दुरुस्त होतात.

कामाचे तास आणि पैसा याबद्दल एकच उत्तर देता येत नाही. लंडन शहरातल्या बड्या फर्म पहिल्याच वर्षी ट्रेनीला ५०,००० पौंडांच्या वर वेतन देतात. गावातल्या, घरांचे व्यवहार, मृत्युपत्रे आणि घटस्फोट पाहणाऱ्या छोट्या फर्ममध्ये ते त्याच्या निम्मेही असू शकते. नियामकाने ठरवलेले किमान ट्रेनी-वेतन २०१४ साली रद्द झाले. मोठ्या फर्ममध्ये काही आठवडे संध्याकाळी सहाला सुट्टी, आणि काही आठवडे मध्यरात्र ओलांडून पहाट. कधी कोणते हे आधी कळत नाही, आणि माणसाला दमवते ती तासांच्या संख्येपेक्षा ही अनिश्चितता. छोट्या फर्ममध्ये तास बरे असतात, पण दुसऱ्या आठवड्यात तुमच्यासमोर नवरा गेलेली बाई बसलेली असते, घर कोणाच्या नावावर आहे हे तिला ठाऊक नसते आणि सुपरव्हायझर बाहेर गेलेला असतो. अशिलाशी बोलणे लवकर शिकायचे असेल तर ही जागा उत्तम. मोठ्या व्यवहाराची यंत्रणा आतून पाहायची असेल तर बडी फर्म. ‘नामांकित’ एवढ्या निकषावर निवड करणाऱ्यांना पहिल्या वर्षात चुटपुट लागलेली मी पाहिली आहे.

शेवटच्या सीटमध्ये वातावरण बदलते. ट्रेनी पात्र होत आला की कोणत्या विभागात किती जागा आहेत याची यादी निघते, अर्ज होतात, कधी मुलाखतीही होतात, आणि दोन वर्षे एकत्र जेवलेले सहकारी एकाच जागेसाठी उभे राहतात. फर्मवर नोकरी देण्याचे बंधन नसते. म्हणून करार स्वीकारण्यापूर्वी मागच्या दोन-तीन तुकड्यांतले किती जण तिथे राहिले, ट्रेनी कोणाच्या शेजारी बसतो, सीटच्या मध्यावर लेखी अभिप्राय मिळतो का आणि भारतीय पदवीधरांच्या व्हिसाचे प्रायोजकत्व पात्र झाल्यानंतरही चालू राहते का, हे मुलाखतीतच विचारावे. हे प्रश्न कोणाला खटकत नाहीत. खटकले तर तेही एक उत्तरच आहे. आणि कार्यानुभव एकापेक्षा जास्त ठिकाणी विभागून घेणार असाल, तर प्रत्येक ठिकाण सोडतानाच, ज्याने तुमचे काम पाहिले त्या सॉलिसिटरकडून किंवा फर्मच्या अनुपालन अधिकाऱ्याकडून अनुभवाची खातरी नोंदवून घ्या, आणि काय काम केले याची स्वतःची नोंद दर महिन्याला लिहीत जा. दोन वर्षांनी ती माणसे दुसऱ्या फर्ममध्ये गेलेली असतात आणि कोणत्या फाइलीवर काय केले हे कोणालाच आठवत नाही.